नागपूरचा पहिला उन्हाळा, जिन्यातलं आग्या मोहोळ आणि दुचाकीवरचे यजमान

पत्र : ताई, आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मागच्या पावसाळ्यात यजमानांची बदली नागपूरला झाली. मनीषनगर भागात चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या खालीच राहतो. आता इथला पहिला उन्हाळा, आणि लोक आत्तापासूनच भीती घालताहेत. त्यात जिन्याच्या खिडकीवरच्या सज्जाला मोठं आग्या मोहोळ लागलंय. सोसायटीतले काही जण म्हणतात जाळून टाकू, काही म्हणतात हात लावू नका. रविवारी बैठक आहे. माझी मुलगी सहा वर्षांची. गावाला असताना तिला गांधीलमाशी डसली होती, कोपरापर्यंत हात सुजला होता. तेव्हापासून माशी दिसली तरी माझ्या पोटात गोळा येतो. परवा कूलर सुरू केला तर त्यावरही माश्या येऊन बसल्या. सासूबाई ७१ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्या मे महिन्यात इकडे येते म्हणतात. मला वाटतं उलट आपणच मुलीला घेऊन गावी जावं, पण तिथे घराभोवती विंचू निघतात. यजमानांचं काम फिरतीचं, दिवसभर दुचाकीवर, त्यांना रजा नाही. काय करू?
एक आई, नागपूर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोहोळ, गांधीलमाशी, विंचू, सासूबाईंचा रक्तदाब, सगळं तुम्ही नीट मांडलंत. यजमानांबद्दल मात्र शेवटी एकच ओळ आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते. मोहोळाकडे येतेच.

कोकणातल्या माणसाला नागपूरचं ऊन फसवतं. रत्नागिरीत पारा ३३-३४ वर असला तरी घामाच्या धारा लागतात, सदरा अंगाला चिकटतो. आपण दमलोय हे लगेच कळतं आणि माणूस आपोआप सावली धरतो. इथे ४४ अंशांतही अंग कोरडंच असतं. घाम येत नाही असं नाही. हवा इतकी कोरडी की तो फुटल्याबरोबर उडून जातो. संध्याकाळी त्यांचा शर्ट उतरवल्यावर पाठीकडून बघा. गडद रंगाचा असेल तर पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतील, नकाशात काढतात तशा वेड्यावाकड्या. ते मीठ आहे. त्याच्याबरोबर किती पाणी गेलं, ते दिवसभरात त्यांनाही कळलेलं नसतं. ‘इथे घाम येत नाही, आपल्यापेक्षा इथलं ऊन बरं’ असं ते एप्रिलमध्ये म्हणाले, तर तिथेच सावध व्हा.

हवामान खात्याचे निकषही हा फरक धरूनच आखलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल, तर उष्णतेची लाट म्हणतात. किनारपट्टीसाठी ४० ऐवजी ३७ धरतात. पारा ४५ ला पोचला की सरासरी न बघताच लाट, ४७ ला तीव्र लाट. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. (मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली. यंत्राच्या बिघाडामुळे तो आकडा आला होता, असं हवामान खात्याने लगेच स्पष्ट केलं. शेजारीपाजारी कोणी अजून तो सांगत असेल तर मनावर घेऊ नका. खरे आकडे काळजी घ्यायला पुरेसे आहेत.)

दुचाकीवरच्या माणसाची अडचण वेगळीच असते. गाडी चालली की वारा लागतो आणि बरं वाटतं. पण आपलं अंग ३७ अंशांचं आणि वारा ४४ अंशांचा, म्हणजे तो वारा अंगाला तापवतच असतो. म्हणून नागपुरात बाया-माणसं सगळीच डोकं, कान, तोंड दुपट्ट्याने गुंडाळून गाडीवर निघतात. नवख्याला ते विचित्र वाटतं. यजमानांनी लाजू नये. सुती दुपट्टा ओला करून डोक्या-कानांवर गुंडाळायचा, त्यावर हेल्मेट. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट. दुपट्टा अर्ध्या तासात वाळतो, म्हणून एक बाटली फक्त तो भिजवायला वेगळी ठेवायची.

पाणी तहान लागल्यावर प्यायचं असं न ठेवता ठरवून प्यायचं, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ गेलेलं असतं. सकाळी डब्याबरोबर मीठ-जिरं घातलेल्या ताकाची बाटली द्या, किंवा कैरीचं पन्हं. गावाहून कोकमाचा आगळ आणलाच असेल, त्याचं मीठ घातलेलं सरबतही उत्तम. ओआरएसची दोन पाकिटं गाडीच्या डिकीत कायम असू द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, तेवढं बघून घ्या, कारण फळांच्या चवीची गोड पेयं त्या कामाची नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला किंवा दुपारभर लघवीला जावंच लागलं नाही, तर पाणी कमी पडतंय हे नक्की. इथे बरेच जण खिशात कांदा ठेवतात. ठेवायला हरकत नाही, जेवणात खायलाही चांगला, पण खिशात कांदा आहे म्हणून दुपारी दोनच्या उन्हात निघायचं, असं करू नये.

कामाचे तास बदलता येतात का, हे त्यांनी साहेबांना विचारायलाच हवं. सकाळी सातला निघून अकरापर्यंत लांबच्या फेऱ्या उरकायच्या, बारा ते चार बसून करायचं काम करायचं, राहिलेलं संध्याकाळी. नागपुरात ही मागणी कोणाला नवी नाही. महापालिका २०१६ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवते, चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्या जातात. साहेबही इथलेच असतील, त्यांना हे सगळं ठाऊक असतं. बहुतेकदा विचारणारा माणूसच संकोचतो. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि मध्ये थंडाव्यात राहून आलं की ती सवय उतरते. म्हणून गावी जाऊन आल्यावरचे पहिले तीन-चार दिवस त्यांनी फेऱ्या बेतानेच कराव्यात.

आता खुणा, आणि या त्यांच्या बरोबरच्या एखाद्या सहकाऱ्यालाही माहीत असू द्या. डोकं जड होणं, मळमळ, पायांत गोळे, चक्कर ही पहिली पायरी. सावलीत बसायचं, बूट-मोजे काढायचे, ओआरएस प्यायचं, अंगावर पाणी मारायचं. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. माणूस असंबद्ध बोलायला लागला, पाय लटपटले, ओळखीचा रस्ता आठवेना, अंग चटका बसावा इतकं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. १०८ ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला घामाघूम असतानाही उष्माघात होतो. उन्हाळ्यात नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत यासाठी वेगळा शीत वॉर्ड असतो. तुमच्या घरापासून आणि त्यांच्या ऑफिसपासून जवळचा कुठला, ते आजच विचारून ठेवा.

तुम्ही गावी गेलात की ते एकटे राहतील. दुपारी एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा, दोन फोन ठरवून घ्या. फोनवर जेवलात का विचाराल तेव्हा ताक संपलं का, हेही विचारा.

आता घर आणि कूलर.

वर गच्ची असल्याने तुमचं घर रात्रीही तापलेलं राहणार. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, सोसायटी तयार असेल तर हिरवी जाळी बांधा. सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या-पडदे बंद, सूर्य कलल्यावर उघडायचे. कूलर मात्र बंद खोलीत चालवायचा नाही, ही चूक कोकणातून आलेली घरं हमखास करतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसमधून आत ओढतो, पाणी उडताना हवा गार होते. ती ओलसर हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं लागतं, नाहीतर तासाभरात खोलीत तुमच्या रत्नागिरीसारखंच चिकचिकायला लागतं. जूनमध्ये ढग आले, हवेत ओल आली, की कूलरचा जोर संपतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, बहुधा लहान मुलं आणि घरातल्या बाया. पत्र्याचा कूलर, टाकीत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियन बोलावून तपासा. पाणी भरताना बटण बंद करून पिनही सॉकेटमधून काढायची, मगच हात लावायचा. चालू कूलरला मुलीने हात लावायचा नाही, हा घरातला नियम करा, आणि मोठ्यांनीही तो पाळा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

माश्या कूलरवर का येतात, तर पाण्यासाठी. मोहोळातही तेच चाललेलं असतं. कामकरी माश्या पाणी वाहून आणतात, पोळ्यावर त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात, म्हणजे तुमच्या खिडकीत आहे तसाच कूलर त्यांच्याही घरात चालू असतो. पाण्याला आलेली माशी भांडायला आलेली नसते. हाताखाली चिरडली, कपड्यात अडकली, तरच डसते. तेव्हा त्यांना दुसरीकडे पाणी द्या. गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात, सावलीत, पसरट परळात गोटे घालून त्यांच्या माथ्याच्या जरा खाली येईल इतकं पाणी ठेवा, म्हणजे माश्या बुडत नाहीत. रोज भरा. त्या एकदा पाण्याची जागा धरतात आणि मग तिथेच येतात, म्हणून मार्चमध्येच सुरुवात केलेली बरी. कूलरच्या तिन्ही बाजूंना डासांची बारीक जाळी ताणून बांधा. गळका नळ आजच दुरुस्त करा. आणि कूलरच्या स्टँडखाली, खिडकीच्या चौकटीत गांधीलमाश्यांचं पोळं दिसतंय का, हे दर आठवड्याला बघा. करड्या कागदासारखं, देठाला लटकलेलं असतं. रुपयाएवढं असताना त्यावर एक-दोनच माश्या असतात, तेव्हा संध्याकाळी लांब काठीने पाडता येतं. तळहाताएवढं झाल्यावर स्वतः हात घालू नका. चिखलाची लहानशी मडकी भिंतीला चिकटलेली दिसली तर ती कुंभारीण माशीची. ती सहसा डसत नाही, राहू द्या.

जिन्यातलं मोहोळ. जाळू नका. जाळणाऱ्यांना वाटतं सगळ्या माश्या मरतील; पण सगळ्या मरत नाहीत, उरलेल्या बिथरून चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत दिसेल त्याला डसतात. रॉकेलचा बोळा पेटवून सज्जावर चढणारा माणूस पडतो, ते वेगळंच. पोळ्यावर फवारा मारून माश्या मारल्या तरी मेण तिथेच राहतं आणि त्याच्या वासावर पुढच्या वर्षी दुसरी वसाहत येऊन बसते. शिवाय आपल्याकडची भाजी, फळबाग, रानातली झाडं या माश्यांच्या भरवशावर फळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या बैठकीत ते कोणीतरी बोलायला हवं.

आग्या माशी स्थायिक नसते. फुलोऱ्याच्या दिवसांत येते, पोळं बांधते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक वसाहती उठून जातात. तुमचा प्रश्न दोन-अडीच महिन्यांचा आहे. तेवढ्यात काय करायचं, ते सांगते. जिन्याची ती खिडकी बंद ठेवा, उघडायची नाही अशी चिठ्ठी लावा. तिथला दिवा रात्री बंद ठेवा किंवा त्याजागी पिवळा मंद दिवा लावा, कारण या माश्या रात्रीही उडतात आणि प्रकाशाकडे येतात. रात्री घरात शिरलेली माशी बहुधा ट्यूबलाइटच्या ओढीने आलेली असते. सज्जाच्या खाली कचरा पेटवायचा नाही, फटाके नाहीत, मुलांनी दगड मारायचा नाही, पतंगाचा मांजा तिथे अडकला तर ओढायचा नाही. मोहोळघार किंवा कावळ्याने पोळ्यावर झडप घातली तर माश्या उठतात, त्यावर आपला इलाज नाही, पण त्या वेळी जिना टाळता येतो.

एकदा लांबून, समोरच्या गच्चीवरून ते पोळं बघा. बाहेरून दिसतं ते पोळं नसतंच, माश्यांचा जिवंत पडदा असतो, काळसर तपकिरी, एकावर एक चढलेल्या. मध्येच त्या पडद्यावरून एक लाट सरकते, वरून खाली, क्षणात. जवळ काही धोक्याचं आलं की ओळीने माश्या पोट वर उचलतात, त्याची ती लाट. लाटा पुन्हा पुन्हा, भराभर उठायला लागल्या तर तिथून मागे सरायचं. पहारेकऱ्याला आणि मुलांनाही हे दाखवून ठेवा.

पोळं कोणाच्या दारालाच लागून असेल, किंवा कोणाला डसल्यावर जिवावर बेतल्याचा पूर्वानुभव असेल, तर काढावं लागेल. ते प्रशिक्षित माणसाकडूनच, संध्याकाळनंतर, सगळ्या घरांना आधी सांगून. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मोहोळ न जाळता मध काढण्याचं काम केलेलं आहे. राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात. सोसायटीच्या सचिवांनी तिथे विचारलं तर आपल्या भागातला जाणकार मिळू शकतो.

माश्या उठल्याच तर पळायचं, आणि ही एक गोष्ट घरात प्रत्येकाला ठाऊक हवी. एक माशी भोवती घोंगावत असेल तर हात न झाडता शांतपणे बाजूला व्हायचं. पण झुंड आली तर थांबायचं नाही, आडवं व्हायचं नाही. ओढणी किंवा शर्ट तोंडावर घेऊन सरळ जवळच्या घरात किंवा गाडीत शिरायचं आणि दार लावायचं. दोन-चार माश्या आत आल्या तरी चालतील. पाण्यात उडी मारू नये, डोकं वर काढेपर्यंत त्या घिरट्या घालत राहतात. एकीने डंख केला की तिथे एक वास सुटतो, साधारण पिकल्या केळ्यासारखा, आणि त्यावर बाकीच्या येतात. म्हणून त्या जागी थांबून काटे काढत बसू नये. आधी लांब जायचं. सुट्टीत चिखलदऱ्याला किंवा अजिंठ्याला गेलात, तिथल्या कड्यांवरही हीच माशी असते. सुगंधी तेल-अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिथे टाळा.

आता मुलगी. तुमच्या पोटातला गोळा थोडा कमी व्हावा म्हणून सांगते. डसलेल्या जागेपासून सूज पसरत जाणं, एक-दोन दिवस वाढणं आणि मग आठवड्याभरात उतरणं, ही त्या जागेपुरती मोठी प्रतिक्रिया असते. दिसायला भयंकर, पण अशा बहुतेक मुलांना पुढच्या वेळीही तेवढंच होतं. जिवावर बेतते ती वेगळी प्रतिक्रिया. हाताला डसलंय आणि पोटावर-पाठीवर गांध्या उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरायला लागला, उलट्या झाल्या, मूल एकदम मलूल पडलं, तर एक मिनिटही घरात घालवू नका. तिथे ॲड्रिनालिनचं इंजेक्शनच लागतं आणि ते लवकर लागतं. हे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतं, म्हणून डसल्यावर तेवढा वेळ तिला नजरेसमोरून हलू देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना मागच्या वेळचा प्रसंग एकदा सविस्तर सांगा, सुजेसाठी ॲलर्जीचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. तिला श्वासाचा त्रास पूर्वी झाला असेल तर ते आवर्जून सांगा.

मधमाशी डसली तर काटा कातडीत राहतो. नीट बघितलंत तर त्याच्या मागे लहानशी पिशवी दिसते, माशी उडून गेल्यावरही ती आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. म्हणून काटा कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. नखाने खरवडा, चिमटीने ओढा, पण लगेच. गांधीलमाशी काटा सोडत नाही, ती पुन्हा डसू शकते. मग साबणाने धुवून कपड्यात गुंडाळलेला बर्फ. हाताला डसलं असेल तर बांगड्या, अंगठी आधी काढा, सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. चुना आणि लोखंड घासण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. पुष्कळ डंख झाले असतील तर मूल हसत-खेळत असलं तरी दवाखान्यात न्या. विषाचा परिणाम मूत्रपिंडावर नंतर दिसतो.

आणि रसवंती. उन्हाळ्यात तुम्ही तिला उसाचा रस द्यालच, द्यावाही. चरकापाशी चिपाडांवर माश्या बसलेल्या असतात आणि एखादी ग्लासाच्या काठावर उतरते. रस पिण्याआधी ग्लासात बघायचं, ही सवय तिला आत्ताच लावा. तोंडात किंवा घशात डंख झाला तर नुसत्या सुजेनेही श्वास अडतो.

सासूबाईंना मे महिन्यात आणू नका, हे मी ठामपणे सांगते. वय, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आयुष्यभर दमट हवेची सवय, हे तिन्ही घेऊन २५ मेच्या नवतपात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले मानतात ते नऊ दिवस) नागपुरात उतरणं योग्य नाही. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, शरीरातलं पाणी त्यामुळे आणखी घटतं. गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र कधी बंद करू नयेत. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांना डिसेंबरात बोलवा. तेव्हा इथली थंडी आणि संत्री दोन्ही असतात, नात शाळेतून येईपर्यंत त्या उन्हात बसतील.

म्हणजे तुम्ही मुलीला घेऊन गावी जायचं. फक्त तिथे काही त्रास नाही, या समजुतीने जाऊ नका. कोकणात घाम वाळत नाही, म्हणून अंग गार व्हायचा मार्गच खुंटतो, आणि ३५ अंशांतही दुपारच्या बागेत खेळणारं मूल आजारी पडतं. पाणी, मीठ आणि दुपारची सावली तिथेही तेवढीच लागते.

विंचवाबद्दल तुमची धास्ती खरी आहे. मोठा काळा विंचू बघून माणसं घाबरतात, पण कोकणात जीव घेतो तो लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर आयुष्य वेचलं. वैद्यकीचं पहिलं शिक्षण त्यांनी आपल्या नागपुरातच घेतलं. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे औषध या रोग्यांवर वापरून दाखवलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच की यावर औषध आहे, पण वेळेत पोचावं लागतं. गावी पोचल्यावर पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विंचूदंशावर उपचार आहेत का, रात्री डॉक्टर असतात का, नसले तर पुढचं रुग्णालय कोणतं, हे विचारून या. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, लाळ गळायला लागली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनतंय. मे महिन्यात घाम तर सगळ्यांनाच येतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. गार पडलेल्या हातापायांकडे बघा. बांधणं, चिरणं, मंत्र यांत वेळ घालवू नका. नुसतं दुखत असलं तरी लहान मुलाला दाखवायला न्याच.

विंचू दिवसा जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात), लाकडांच्या ढिगात, नारळाच्या सोडणांच्या राशीत असतो आणि रात्री बाहेर पडतो. मुलीचं अंथरूण भिंतीपासून दूर, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. चपला-बूट, दोरीवरचे कपडे झटकून घ्यायचे. रात्री पडवीत जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. आंब्यावरच्या ओंबील (लाल मुंग्या), गडग्यातल्या गांधीलमाश्या या तुम्हाला मी काय सांगणार, त्या तुम्ही लहानपणापासून ओळखता.

परत यायची घाई करू नका. नागपुरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो आणि त्याआधीचा आठवडा सगळ्यात वाईट, पारा चाळिशीत, हवेत ओल, कूलर निकामी. विदर्भातल्या शाळा म्हणूनच बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पाऊस पडल्याची बातमी यजमानांकडून आली की तिकिटं काढा.

रविवारच्या बैठकीत हे उत्तर वाचून दाखवायला माझी हरकत नाही. ठराव मात्र लिहून घ्या, दोन कामांचा. एक, माश्या पोळं सोडून जाईपर्यंत खिडकी आणि दिवा बंद. दुसरं, त्या उठून गेल्यावर सज्जावरचं मेण पूर्ण खरवडून, जागा धुवून वर रंगाचा किंवा चुन्याचा हात. हे दुसरं काम पावसात राहून जातं आणि सगळे विसरतात, म्हणून कोण करणार आणि पैसे कुठून देणार, हे त्याच बैठकीत ठरवा. थंडी सुरू होताना नव्या माश्या जागा शोधत येतात, त्याआधी ती जागा स्वच्छ झालेली असली पाहिजे.